जुना एनएच १७ विकिपीडियावर कसा लिहायचा: गोव्यातल्या नवख्या संपादकांसाठी

पत्रादेवीपासून पोळेपर्यंत गोवा उभा कापत जाणाऱ्या रस्त्याचा क्रमांक २०१० मध्येच बदलला. तरी गोव्यात अजूनही बरीच माणसं त्याला 'एनएच सतरा' म्हणतात. दुकानांच्या पत्त्यांत, जमिनीच्या कागदांत, लग्नपत्रिकेमागच्या नकाशातही तोच आकडा असतो. एखादं पोर 'सतरा कुठला, इथे तर सहासष्ट लिहिलंय' म्हणून मराठी विकिपीडिया उघडतं, तेव्हा त्याच्या हाती फार काही लागत नाही. ही उणीव भरून काढायला अभियंता असावं लागत नाही. वाचनालयात बसायची तयारी हवी आणि तारखांच्या बाबतीत थोडा चिकटपणा हवा. ज्यांनी 'संपादन' हे बटण कधीच दाबलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिलं काम: रस्ता 'माजी' कशाने झाला ते ठरवा

इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं. महामार्ग तीन तऱ्हांनी माजी होतो आणि तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या कागदांत असतात.

पहिली तऱ्हा क्रमांकाची. रस्ता तोच, वाहनं तीच, फक्त आकडा गेला. गोव्यातले चारही जुने राष्ट्रीय महामार्ग यात येतात. १७ चा ६६ झाला. बेळगावहून अनमोड घाट उतरून मोले, फोंडामार्गे पणजीला येणारा ४अ हा ७४८ झाला. कुठ्ठाळीहून मुरगाव बंदराकडे जाणारा १७अ आता ३६६ आहे आणि फोंडा–वेर्णा–वास्को हा १७ब आता ५६६. नवे आकडे हवेतून आलेले नाहीत. तीन आकडी क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे असतात: ३६६ आणि ५६६ हे ६६ चे फाटे, तर ७४८ हा बेळगावावरून जाणाऱ्या ४८ चा. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या मुख्य मार्गांना सम आकडे मिळाले, पूर्व-पश्चिम धावणाऱ्यांना विषम.

आता यातली गोम. जुने आकडे निवृत्त झाले नाहीत, ते दुसऱ्या रस्त्यांना दिले गेले. आज 'राष्ट्रीय महामार्ग १७' म्हणाल तर तो पश्चिम बंगालमधल्या सेवोकहून आसामात गुवाहाटीकडे जाणारा रस्ता. 'राष्ट्रीय महामार्ग ४' आज अंदमानात आहे. उलट बाजूनेही हीच गत: २०१० पूर्वीच्या कागदात 'एनएच ६६' दिसला तर तो पुदुच्चेरीहून कृष्णगिरीला जाणारा रस्ता, आपला नव्हे. म्हणून आकडा वाचला की लगेच कागदाची तारीख वाचायची सवय लावून घ्या. तारीख नसलेला आकडा लेखात घेऊच नका.

आणि '१७ म्हणजेच ६६' हे समीकरणही पुरतं खरं नाही. जुना १७ पनवेलहून निघून केरळात एर्नाकुळमजवळ एडपळ्ळीला संपत असे. ६६ तिथे न थांबता थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. गोव्यापुरतं बोलायचं तर फरक पडत नाही, लेखात मात्र पडतो.

दुसरी तऱ्हा वाटेची. क्रमांक तसाच राहतो, रस्ता जागा बदलतो. काणकोणचा बगलमार्ग २०१९ च्या नोव्हेंबरात खुला झाला, तोपर्यंत महामार्गाची वाहतूक चावडीच्या बाजारातून जात होती. आता ती चाररस्त्यावरून थेट माशेकडे वळते. बाजारातला रस्ता आहे तिथेच आहे, महामार्ग मात्र तिथून उठला. नद्यांवर तर हे जास्तच घडलं. जुवारीवरचा पूल १९८३ चा. त्याआधी आगशीहून कुठ्ठाळीला फेरीबोटीने जावं लागे. म्हणजे त्या काळात महामार्गाच्या मधोमध पाणी होतं. मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि पणजी–बेती फेरीला पुन्हा जुने दिवस आले. जुवारीच्या नव्या पुलाची एक बाजू २०२२ च्या डिसेंबरात खुली झाली, दुसरी २०२३ च्या डिसेंबरात. 'हा महामार्ग जुवारी नदी पुलावरून ओलांडतो' हे वाक्य साधं वाटतं खरं, पण ते कुठल्या वर्षाबद्दल आहे आणि कुठल्या पुलाबद्दल, हे त्यात कुठेच नाही.

तिसरी तऱ्हा दर्जाची. राष्ट्रीय महामार्ग हा कायद्याने दिलेला दर्जा आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम २ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून एखादा रस्ता महामार्ग म्हणून जाहीर करतं आणि तशाच अधिसूचनेने तो यादीतून वगळूही शकतं. एरवी या दर्जाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. गोव्यात ते पाहिलं गेलं २०१७ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत दारूविक्रीला बंदी घातली, एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली, आणि आपल्या दारातला रस्ता नेमका कुठल्या वर्गात मोडतो हे बारवाल्यांना एका रात्रीत कळून घ्यावंसं वाटू लागलं. वीस हजारांपर्यंत लोकवस्ती असलेल्या भागांत हे अंतर पुढे २२० मीटर झालं. चंदिगडसारख्या ठिकाणी तर शहरातल्या रस्त्यांचा दर्जाच बदलण्यात आला. आपल्याला त्या वादाशी देणंघेणं नसलं, तरी त्या महिन्यांची स्थानिक वर्तमानपत्रं जरूर चाळा. रस्त्यांच्या वर्गवारीवर एरवी वर्षानुवर्षं छापून येत नाही इतकं तेव्हा छापून आलं.

खातं, लिपी, धूळपाटी

हे पटकन उरकू. सदस्य खातं उघडा. खरं नाव देण्याची सक्ती नाही. मराठी टंकलेखनाची सोय विकिपीडियाच्या चौकटीतच आहे: कंट्रोल आणि एम ही कळ दाबली की लिपी बदलते. पहिले प्रयोग धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करा, तिथे काही बिघडत नाही. मोबाइलवरून दुरुस्त्या जमतात, पण संदर्भांसकट आख्खा परिच्छेद लिहायचा तर संगणकच बरा.

लेख आहे का ते पाहा, मगच नवा उघडा

शोधचौकटीत एकच रूप टाकून 'लेख नाही' असं ठरवू नका. 'राष्ट्रीय महामार्ग १७', 'एनएच १७', 'रा. म. १७', 'मुंबई–गोवा महामार्ग', '४अ', '४-अ', '४ए' ही सगळी रूपं टाकून पाहा. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे दोन्ही वापरून शोधा. लेख असेल तर त्याचा 'इतिहास' आणि 'चर्चा' ही दोन्ही पानं आधी वाचा. तुम्ही जे लिहायला निघालात ते पूर्वी कोणी लिहिलं असेल आणि संदर्भ नसल्यामुळे काढलंही गेलं असेल.

प्रत्येक जुन्या क्रमांकाला वेगळा लेख हवा का? माझं मत असं: १७ ला हवा, कारण चार राज्यांतून गेलेला तो मोठा मार्ग आहे आणि ६६ शी तंतोतंत जुळत नाही. ४अ, १७अ आणि १७ब यांच्यासाठी ७४८, ३६६ आणि ५६६ च्या लेखांत 'इतिहास' नावाचा विभाग पुरे. जुन्या नावावरून तिकडे पुनर्निर्देशन करून ठेवलं की शोधणारा बरोबर पोचतो. चार ओळींचे सुटे लेख केले की पुढे त्यांच्याकडे कोणी बघत नाही. अर्थात तुमचं मत वेगळं असेल तर ते चर्चापानावर मांडा, पण आधी मांडा आणि मग करा.

वेगळा लेख केलाच तर शीर्षकातच तो जुना क्रमांक असल्याचं दिसू द्या आणि लेखाच्या डोक्यावर एक ओळ टाका, म्हणजे आसामातल्या आजच्या १७ च्या शोधात आलेला माणूस चुकून मडगावला उतरणार नाही.

संदर्भ कुठे मिळतात

खरं काम इथे आहे. 'मी रोज त्याच रस्त्याने जातो' हा विकिपीडियावर पुरावा होत नाही. 'आमचे आजोबा सांगायचे' हाही नाही. जे छापलं किंवा प्रसिद्ध झालं आहे आणि दुसऱ्या कोणालाही उघडून तपासता येतं, तेच चालतं. माहिती अधिकारात मिळवलेलं उत्तर यामुळेच अडतं. ते खरं असेल, सही-शिक्क्याचं असेल, पण ते तुमच्या कपाटात आहे. त्यातली माहिती छापील कागदात कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा असते.

राजपत्रापासून सुरुवात करा. महामार्ग जाहीर झाल्याची, वगळल्याची किंवा क्रमांक बदलल्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात असते: असाधारण अंक, भाग दोन, खंड तीन, उपखंड दोन. ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि तारीख देऊन शोधता येतं. अंक उघडला की आधी हिंदी पानं येतात, मागून इंग्रजी. हिंदी पानावर 'का.आ.' आणि इंग्रजी पानावर 'एस.ओ.' अशा अक्षरांपुढे जो आकडा असतो तो अधिसूचनेचा क्रमांक. संदर्भात हा क्रमांक आणि तारीख दोन्ही टाका, नुसता दुवा नको. सरकारी संकेतस्थळांचे दुवे कधी हलतील त्याचा नेम नाही. क्रमांक बदलाच्या तक्त्यात रस्त्याचं वर्णन 'अमुक ठिकाणच्या जंक्शनपासून तमुक गावावरून' असं दिलेलं असतं. लेखात आरंभस्थान आणि शेवट लिहिताना तेच वापरा, गूगल नकाशावर बोट फिरवून नको.

भूसंपादनाच्या अधिसूचना हा दुसरा खजिना. त्याच कायद्याच्या कलम ३ए आणि ३डी खाली निघणाऱ्या या सूचनांत तालुका, गाव, सर्वे क्रमांक आणि क्षेत्रफळ येतं. ३ए ची माहिती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. बगलमार्गाने नेमक्या कुठल्या गावांची जमीन घेतली हे यातून कळतं. मात्र जपून. जमीन घेण्याची सूचना निघाली म्हणजे रस्ता झाला असं नाही. गोव्यात आखणी बदलल्याची उदाहरणं कोणाला सांगायला नकोत. यातून 'अमुक साली भूसंपादनाची अधिसूचना निघाली' एवढंच लिहा.

गोवा सरकारचं स्वतःचं राजपत्र दर गुरुवारी निघतं. सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर जुने अंकही स्कॅन करून ठेवलेले आहेत. राज्य महामार्ग आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या (साबांखा) अखत्यारीतल्या गोष्टींसाठी ते चाळा.

विधानसभा आणि संसदेतली उत्तरं फार कमी लोक वापरतात, आणि मला तर ती सगळ्यांत आवडतात. अमुक रस्त्याची लांबी किती, खर्च किती, काम कुठवर आलं, हे आमदार विचारतात आणि मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं. गोवा विधानसभेच्या संकेतस्थळावर अधिवेशनानुसार तारांकित-अतारांकित प्रश्न सापडतात. लोकसभेच्या उत्तरांत राज्यवार लांबीचे तक्तेही येतात.

आकड्यांची बेरीज करून पाहायला विसरू नका. जुन्या १७ ची लांबी १,२६९ किमी होती: महाराष्ट्रात ४८२, गोव्यात १३९, कर्नाटकात २८०, केरळात ३६८. बेरीज जुळते. गोव्यातल्या चार जुन्या राष्ट्रीय महामार्गांची मिळून लांबी २६९ किमी: १३९, ७१, १९ आणि ४०. तीही जुळते. आता १,२६९ आणि २६९ हे आकडे शेजारी ठेवून बघा. टंकताना एक आकडा गळला की एका रस्त्याची चार राज्यांतली लांबी ही एका राज्यातल्या चार रस्त्यांची होऊन बसते, आणि वाचणाऱ्याला संशयही येत नाही.

वर्तमानपत्रांसाठी पणजीत पाटो भागातलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. १८३२ पासूनची ही संस्था आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'गोमन्तक'सारख्या दैनिकांचे जुने अंक चाळायचे तर तारीख हातात घेऊन जा. 'जुवारी पुलाबद्दल काहीतरी' असं म्हणून गेलात तर दिवस जाईल आणि हाती धूळ लागेल. आधी राजपत्रातून किंवा विधानसभेच्या उत्तरातून महिना काढा, मग त्या महिन्याचे अंक मागा. बातमी सापडली की दैनिकाचं नाव, तारीख, पान आणि मथळा टिपून घ्या. छापील बातमीला दुवा नसला तरी चालतं, हे नवख्यांना ठाऊक नसतं. ऑनलाइन बातमी असेल तर वेबॅक मशीन या वेबपानं जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तिची प्रत जतन करून तो दुवाही जोडा.

बातम्यांत एक गोष्ट सांभाळा. उद्घाटन, वाहतूक सुरू होणं आणि काम पुरं होणं हे तीन वेगळे दिवस असू शकतात. निवडणुकीच्या तोंडावर तर असतातच. बातमी कुठल्या दिवसाची आहे तेच क्रियापद लेखात वापरा.

पोर्तुगीज काळातल्या आणि मुक्तीनंतरच्या पहिल्या दोन दशकांतल्या रस्त्यांसाठी १९७९ साली निघालेलं गोव्याचं गॅझेटियर पाहा, वि. त्र्यं. गुणे त्याचे संपादक होते. मुक्तीपूर्वीचे रस्ते नकाशावर पाहायचे तर अमेरिकी लष्कराच्या नकाशा सेवेची यू-५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुली आहे. एकास अडीच लाख प्रमाणाचे हे नकाशे आहेत. रस्ता तेव्हा होता की नव्हता एवढंच त्यातून ठरवा. वळणं मोजून 'जुनी आखणी पश्चिमेला दोनशे मीटरवर होती' असं काढलंत तर ते तुमचं संशोधन झालं, आणि विकिपीडियाला ते चालत नाही.

गोवा विद्यापीठाचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे. म्हणजे श्रेय देऊन त्यातला मजकूर वापरताही येतो. ही मोकळीक दुसऱ्या पुस्तकांना लावू नका. बाकी सगळीकडून माहिती घ्या आणि वाक्यं आपली लिहा.

आता काय चालत नाही ते. इंग्रजी विकिपीडिया हा मराठी विकिपीडियासाठी संदर्भ होत नाही. तिथल्या तळटीपा उघडा आणि मूळ कागद वाचा. ओपनस्ट्रीटमॅप तुमच्या-आमच्यासारख्यांनीच भरलेला असतो, तेव्हा तोही नाही. प्रवासाचे ब्लॉग, जमिनीच्या जाहिराती, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 'गोव्याची माहिती' यांचं नावच काढू नका.

एक परिच्छेद जवळून पाहू

नवखा संपादक साधारण असं लिहितो:

'एनएच ४ए हा गोव्यातील एक अत्यंत निसर्गरम्य व महत्त्वाचा महामार्ग आहे. तो पोर्तुगीज काळापासून वापरात असून त्याची लांबी १५३ किमी आहे. आता त्याला एनएच ७४८ म्हणतात.'

'निसर्गरम्य' आणि 'महत्त्वाचा' ही तुमची मतं आहेत, ती काढा. अनमोड घाट पावसात कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत आहे. 'पोर्तुगीज काळापासून' हे जास्त अडचणीचं. त्या वाटेवरचे काही तुकडे खरोखरच जुने आहेत. पणजी–रायबंदर हा बांधरस्ता तर सतराव्या शतकातला, काउंट ऑफ लिन्यारिस व्हाइसरॉय असताना बांधलेला. पण रस्ता जुना असणं आणि राष्ट्रीय महामार्ग जुना असणं या दोन गोष्टी आहेत. १९६१ च्या डिसेंबरापर्यंत इथे भारताचा कायदाच लागू नव्हता, तर राष्ट्रीय महामार्ग कुठून असणार? तिसरं, १५३ किमी ही पूर्ण लांबी. त्यातले ८२ किमी कर्नाटकातले. 'गोव्यातील महामार्ग' म्हणून १५३ लिहिलं की वाचणारा फसतो. आणि 'आता' हा शब्द विश्वकोशात नकोच. पाच वर्षांनी कोणाचं 'आता'?

हाच मजकूर असा करता येईल:

'राष्ट्रीय महामार्ग ४अ हा बेळगाव–पणजी महामार्गाचा जुना क्रमांक होय. हा मार्ग बेळगाव येथे तत्कालीन राष्ट्रीय महामार्ग ४ पासून फुटून अनमोड, मोले आणि फोंडामार्गे पणजीस येत असे. त्याच्या १५३ किमी लांबीपैकी ८२ किमी कर्नाटकात आणि ७१ किमी गोव्यात होते. २०१० च्या पुनर्क्रमांकनात त्याला राष्ट्रीय महामार्ग ७४८ हा क्रमांक मिळाला.'

यातल्या पहिल्या आणि शेवटच्या वाक्याला राजपत्राचा संदर्भ लागेल, लांबीला रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तक्त्याचा. संदर्भ वाक्याच्या शेवटी लगेच द्या. परिच्छेदाच्या तळाशी चार संदर्भ एकत्र टाकले की कुठला कशाचा ते कळत नाही, आणि पुढे कोणी मध्ये एक वाक्य घुसवलं तर तेही तुमच्या संदर्भाच्या आडोशाने सुटतं. संपादनाच्या पट्टीवरच्या बटणाने संदर्भाची चौकट उघडते. त्यात शीर्षक, प्रकाशक, तारीख, पान हे रकाने भरले की क्रमांक आपोआप पडतो.

बेळगाव की बेळगावी हा वाद मात्र रस्त्याच्या लेखात उकरू नका. त्यासाठी बेळगावच्या लेखाचं चर्चापान आहे, तिथे भरपूर गर्दी असते.

याच ४अ वर आणखी एक नमुना मिळतो. २०२० मध्ये मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांवरून आंदोलन उभं राहिलं, तेव्हा क्रमांक बदलून दहा वर्षं झाली होती. तरी त्या तिन्हींतल्या एका प्रकल्पाच्या, म्हणजे या रस्त्याच्या चौपदरीकरणाच्या, कागदांत आणि बातम्यांत 'एनएच ४ए' हाच आकडा सर्रास दिसतो. अशा वेळी संदर्भाचं मूळ शीर्षक जसंच्या तसं ठेवा, पण लेखाच्या वाक्यात 'राष्ट्रीय महामार्ग ७४८ (पूर्वीचा ४अ)' असं लिहा. सरकार काय म्हणालं, आंदोलक काय म्हणाले, न्यायालयाने काय ठरवलं हे ज्याच्या-त्याच्या तोंडी घाला. तुमची सहानुभूती जंगलाला असेल नाहीतर रस्त्याला, ती वाचकाला कळता कामा नये.

छायाचित्रं

मैलाच्या दगडाचा पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग सांगतो, हिरवा राज्य महामार्ग. जुना क्रमांक कोरलेला दगड कुठे झाडीत उभा दिसला तर फोटो काढा आणि विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर) चढवा. ठिकाण आणि तारीख मथळ्यात लिहा. फोटोने लेख सजतो, पण त्यावरून 'हा रस्ता पूर्वी १७ होता' असं विधान करता येत नाही. त्याला कागदच हवा. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो चढवू नका, त्याचा प्रताधिकार त्या दैनिकाकडे असतो. आणि चालत्या महामार्गावर गाडी कडेला घेऊन फोटो काढताना पर्वरी आणि बांबोळीच्या चढावर तरी शहाणपण बाळगा.

कोणी तुमचं लिखाण उलटवलं तर

उलटवणार. पहिल्या महिन्यात तरी नक्की. लगेच परत टाकू नका. 'इतिहास' उघडून समोरच्याने काय कारण दिलं आहे ते वाचा आणि चर्चापानावर थोडक्यात विचारा: 'नमस्कार, १७ब ची लांबी ४० किमी असल्याचं मी मंत्रालयाच्या तक्त्यावरून लिहिलं होतं. आपण ते काढलंत. आपल्याकडे दुसरा आकडा आहे का? असल्यास दोन्ही संदर्भांसह देऊ.' शेवटी सहीची खूण (~~~~) करा. समोरच्या व्यक्तीचं उत्तर बहुधा असं असतं: 'नमस्कार, तक्ता कुठल्या वर्षाचा ते दिलेलं नव्हतं म्हणून काढलं. वर्ष टाकून परत घाला, हरकत नाही.' नव्वद टक्के भांडणं वर्ष न लिहिल्याची असतात, असं आपलं माझं मत. दोन विश्वासार्ह कागदांत खरोखरच वेगळे आकडे असतील तर तुम्ही न्यायाधीश होऊ नका. दोन्ही आकडे, दोन्ही वर्षं, दोन्ही संदर्भ. तरीही गाडं अडलं तर चावडीवर (काणकोणच्या नव्हे, विकिपीडियाच्या, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या सामायिक पानावर) विषय मांडा, तिथे जुनी मंडळी असतात.

पहिला लेख कुठला घ्यावा

१७ ला हात घालू नका, तो मोठा आहे आणि त्यावर महाराष्ट्रापासून केरळपर्यंतच्या संपादकांचा डोळा असतो. १७अ घ्या. १९ किमीचा रस्ता, एकाच तालुक्यातला: कुठ्ठाळी, सांकवाळ, दाबोळी, चिखली, वास्को, मुरगाव. ३६६ च्या लेखात 'इतिहास' विभाग उघडा आणि चार गोष्टी शोधा: राष्ट्रीय महामार्ग जाहीर झाल्याची अधिसूचना, २०१० च्या क्रमांक बदलाची नोंद, लांबीचा तक्ता, आणि बंदराच्या वाहतुकीबद्दल विधानसभेतलं एखादं उत्तर. जे सापडेल त्याचंच वाक्य करा. अधिसूचना नाही सापडली तर ते वाक्य सोडून द्या आणि चर्चापानावर कुठे कुठे शोधलं ते लिहून ठेवा. पुढचा माणूस तिथून पुढे शोधेल. मग १७अ वरून पुनर्निर्देशन करा, मुरगाव आणि दाबोळी विमानतळाच्या लेखांतून ३६६ ला दुवा द्या, आणि लेख आपल्या निरीक्षणसूचीत टाका, म्हणजे त्यात कोणी बदल केला की कळेल.